टाकी कोणाची, बिल कोणाला?

मागच्या अंकात क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होऊन मालकी बदलते त्या वेळच्या, खर्चावर लिहिलं होतं आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकली होती की भाड्याच्या वॉटर हीटरचं काय ते आधी बघून घ्या. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी लँड ट्रान्सफर टॅक्सवर पण आली नाहीत! म्हणून या वेळचं सगळं सदर टाकीवरच, त्यातली पाच पत्रं आणि प्रत्येकाखाली माझं उत्तर. नेहमीचं सांगून ठेवते, मी वकील नाही, वकिलाच्या ऑफिसात घरांच्या क्लोजिंगच्या फाइली सांभाळते, त्यामुळे जे रोज डोळ्यांसमोरून जातं ते सांगते, मोठी रक्कम असेल तर आपला करार घेऊन वकिलाकडे जाच.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. गीझर म्हटलं की विकत घ्यायचा, भिंतीला टांगायचा, विषय संपला, अशी आपली समजूत असते. ओंटारिओत बेसमेंटमध्ये फर्नेसशेजारी जी ४०-५० गॅलनची टाकी उभी असते ती पुष्कळदा घरमालकाची नसतेच. लोकांनी गॅसकडे वळावं म्हणून गॅस कंपन्यांनीच पूर्वी टाक्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, मग १९९० च्या दशकाच्या शेवटाला हा धंदा गॅसपुरवठ्यापासून वेगळा झाला, टाक्या एका कंपनीकडून दुसरीकडे गेल्या, पण भाड्याची सवय काही गेली नाही. कॅनडाच्या इतर बहुतेक प्रांतांत लोक हीटर विकत घेतात, हा भाड्याचा प्रकार मुख्यतः आपल्याकडचाच. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते की गॅसचे दर ओंटारिओ एनर्जी बोर्ड ठरवतं पण टाकीचं भाडं त्यांच्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळे भाड्याची तक्रार तिकडे करून उपयोग नाही.

ताई, मिसिसागाचं टाउनहाऊस आम्ही ऑगस्टअखेर विकलं. अ‍ॅग्रीमेंटमध्ये टाकी भाड्याची आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. गॅस, वीज, पाणी सगळी अकाउंट बंद केली. आता मार्चमध्ये कलेक्शनवाल्यांचं पत्र आलंय, सात महिन्यांचं भाडं आणि वर लेट फी, सगळं मिळून तीनशे डॉलरच्या आसपास. कंपनी म्हणते नवीन मालकाने ट्रान्सफर केलेलं नाही. ज्या टाकीचं पाणी दुसरेच लोक वापरतायत तिचं बिल मी का भरू?

तुमचा राग अगदी रास्त आहे आणि कंपनीचं म्हणणं पण पूर्ण खोटं नाही, हीच यातली गोची आहे.

बघा, इथे दोन वेगळे कागद आहेत. घराचं अ‍ॅग्रीमेंट तुमच्यात आणि खरेदीदारात, त्यात कंपनी कुठेच नाही. आणि टाकीचा करार तुमच्यात आणि कंपनीत, त्यात खरेदीदार कुठेच नाही. रिअल इस्टेटच्या छापील अ‍ॅग्रीमेंटमध्ये, ते फॉर्म १०० म्हणतात ते, सहावं कलम रेंटल आयटम्सचं असतं, त्यात लिहिलेल्या वस्तूंचा भाडेकरार खरेदीदार स्वतःकडे घेईल आणि त्यासाठी लागतील त्या कागदांवर सह्या करेल असं तो कबूल करतो. पण हे कबूल तो तुमच्याकडे करतो, कंपनीकडे नाही. कंपनीच्या करारात बहुतेक वेळा असं असतं की दुसरा कोणी करार घेईपर्यंत किंवा तुम्ही टाकी विकत घेऊन मोकळे होईपर्यंत जबाबदारी तुमची. घराची किल्ली दिली, डीड रजिस्टर झाली, म्हणून तो करार आपोआप मरत नाही.

तुमची गल्लत कुठे झाली तेही सांगते, आणि ही गल्लत दहातले आठ जण करतात. तुम्ही गॅसचं अकाउंट बंद केलंत आणि टाकीचं पण त्यातच आलं असं धरून चाललात. काही कंपन्यांचं भाडं गॅसच्या बिलावरच एक ओळ म्हणून येतं, तिथे ती ओळ बरेचदा पत्त्याला चिकटून राहते आणि नव्या मालकाच्या बिलावर उगवते, मग तो ओरडतो. पण तुमची कंपनी स्वतःचं वेगळं बिल पाठवत होती ना, मग तिला कळणार कसं की तुम्ही निघून गेलात? बिलं जुन्या पत्त्यावर जात राहिली, नव्या मालकाने लिफाफ्यावर तुमचं नाव बघितलं आणि टाकली रिसायकलिंगमध्ये.

आता करायचं काय. फोनवर भांडत बसू नका, दर वेळी नवा माणूस येतो आणि पहिल्यापासून कहाणी सांगावी लागते. एक ईमेल लिहा, त्याला तीन गोष्टी जोडा: अ‍ॅग्रीमेंटचं सहाव्या कलमाचं पान, सह्यांचं पान, आणि तुमच्या वकिलाने क्लोजिंगनंतर पाठवलेलं रिपोर्टिंग लेटर ज्यात क्लोजिंगची तारीख आहे. मागणी एकच ठेवा की क्लोजिंगच्या तारखेला अकाउंट बंद करा, त्यानंतरचे चार्जेस उलटवा आणि नव्या मालकाकडून घ्या. "मला न्याय हवाय" छाप चार परिच्छेद नकोत. पुष्कळदा एवढ्यावर काम होतं, कारण कंपनीला पण टाकी जिथे आहे तिथला चालू गिऱ्हाईक हवाच असतो.

नाही झालं तर तुमच्या क्लोजिंगच्या वकिलाला सांगा की खरेदीदाराच्या वकिलाला पत्र टाका, तुमच्या अशिलाने सहाव्या कलमात कबूल केलंय ते पाळा आणि ऑगस्टपासूनचं भाडं द्या. खरेदीदारावर तुमचा दावा चांगला भक्कम आहे, कंपनीविरुद्ध तेवढा नाही.

आणि कलेक्शनच्या पत्राकडे दुर्लक्ष तर अजिबात करू नका. त्यांनाही लेखी कळवा की ही रक्कम वादग्रस्त आहे आणि का ते. इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या दोन्ही कंपन्यांकडे आपला रिपोर्ट फुकट बघता येतो तो बघून घ्या, कलेक्शनची नोंद एकदा बसली की सहा वर्षं मागे लागते. आता माझं वैयक्तिक मत, पटलं तर घ्या: पुढच्या दोन-तीन महिन्यांत तुमचं मॉर्गेज बदलायचं असेल तर "हरकत राखून भरतोय" असं लेखी कळवून पैसे भरून टाका आणि खरेदीदाराकडून वसूल करा, तीनशे डॉलरच्या तत्त्वापायी व्याजदर घालवू नका. तशी घाई नसेल तर लढा खुशाल.

आम्ही मिल्टनला पहिलं घर घेतलं. अ‍ॅग्रीमेंटमध्ये रेंटलच्या ओळीत "हॉट वॉटर टँक, इफ रेंटल" एवढंच होतं. ताबा घेतल्यावर बघतो तर टाकी नाहीच, भिंतीवर टँकलेस युनिट आणि शेजारी पाण्याचा मोठा फिल्टर, दोन्ही भाड्याचे, दीड वर्षापूर्वी दहा वर्षांच्या करारावर घेतलेले. बिल आम्ही धरलं होतं त्याच्या तिप्पट. एजंट म्हणतो तुम्ही सही केलीय. खरंच अडकलो का?

"इफ रेंटल"! या दोन शब्दांनी जेवढी भांडणं लावलीयत तेवढी कुंपणाच्या हद्दीने पण लावली नसतील. होतं काय, विकणाऱ्याचा एजंट टाकीवरचा स्टिकर बघायला बेसमेंटमध्ये उतरत नाही, विकणाऱ्याला स्वतःलाच नक्की आठवत नाही, मग असली तर भाड्याची समजा असं लिहून मोकळे. त्या दोन शब्दांत तुम्ही न बघितलेला करार, न विचारलेलं भाडं आणि किती वर्षं उरली ते सगळं पोटात घेता.

पण तुम्ही समजताय तितके अडकलेले नाही. दोन वस्तू वेगळ्या करून बघा.

फिल्टर. तो रेंटलच्या ओळीत नाहीच. त्याच छापील अ‍ॅग्रीमेंटच्या चौथ्या कलमात विकणारा असं कबूल करतो की अ‍ॅग्रीमेंटमध्ये वेगळं लिहिलेलं नसेल तर किमतीत आलेल्या सगळ्या वस्तू आणि जोडलेली उपकरणं तो कोणाच्याही बोजाशिवाय, दाव्याशिवाय देईल. म्हणजे घराला जोडलेला फिल्टर तुमचा व्हायला हवा होता, मोकळा. तो भाड्याचा निघाला तर तो सोडवायचा खर्च, म्हणजे कंपनी जो बायआउट (एकरकमी पैसे देऊन वस्तू आपली करण्याचा) आकडा सांगेल तो, विकणाऱ्याकडे मागायचा. इथे तुमची बाजू चांगली आहे.

टँकलेसचं जरा वादाचं आहे. तुम्ही म्हणणार आम्ही टँक मान्य केला होता, भिंतीवरचं मशीन नाही, त्यात टँकच नाही मुळात! ते म्हणणार अर्थ गरम पाण्याचं उपकरण असाच आहे आणि तुम्ही घर दोनदा फिरून बघितलंत. लिस्टिंगमध्ये, म्हणजे घराच्या विक्रीच्या जाहिरातीत, काय लिहिलं होतं, बेसमेंटचे फोटो होते का, ईमेलमध्ये एजंटने भाड्याचा कुठला आकडा सांगितला का, हे सगळं आजच वेगळ्या फोल्डरमध्ये जमा करा, लिस्टिंग नंतर सापडत नाही. भाडं अमुक आहे असं लेखी सांगितलं असेल आणि ते तिप्पट निघालं असेल तर मग गोष्टच वेगळी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कंपनीशी बोलताना जपून. त्यांचा माणूस गोड आवाजात म्हणतो, "फक्त नाव अपडेट करायचंय," आणि पाठवतो ते डिजिटल सहीचं, जुना करार आपल्या अंगावर घेण्याचं पूर्ण असम्प्शन अ‍ॅग्रीमेंट असतं, शेवटच्या पानापर्यंत उरलेल्या साडेआठ वर्षांसकट. सही करण्याआधी मूळ कराराची प्रत मागा, भाडं दर वर्षी किती टक्के वाढू शकतं आणि आज बायआउट किती ते लेखी मागा. काही कंपन्यांच्या अटीत असंही असतं की नव्या मालकाने वापर सुरू केला किंवा पहिलं बिल भरलं म्हणजे अटी मान्य. त्यामुळे गरम पाणी चालू राहावं म्हणून भरायचंच असेल तर सोबत ईमेल टाका की वापराचे पैसे देतोय, करार स्वीकारलेला नाही, विकणाऱ्याशी वाद चालू आहे. हा ईमेल म्हणजे कवचकुंडलं नाहीत, पण नुसतं गुपचूप भरण्यापेक्षा शंभर पटीने बरा. आणि अजिबातच न भरता वापरत राहायचं असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, मशीन त्यांचं आहे, जानेवारीत येऊन काढून नेलं तर काय करणार?

वकिलाला लगेच कळवा. ओंटारिओत अशा दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते, कळल्यापासून. दोन वर्षं म्हणजे भरपूर वाटतात पण मी अशा फाइली बघितल्यात ज्या "बघू नंतर" करत करत तेवीस महिन्यांनी आमच्याकडे आल्या.

माझ्या सासू-सासऱ्यांनी २०१९ मध्ये दारावर आलेल्या माणसाच्या सांगण्यावरून हीटर आणि फर्नेस दोन्ही भाड्याने घेतले. आता घर विकायला काढलंय तर टायटलवर (घराच्या मालकीच्या नोंदीवर) नोटीस निघाली आणि कंपनी ती काढायला अकरा हजार मागतेय. क्लोजिंग पाच आठवड्यांवर आलंय. भरून टाकू का?

थांबा, भरू नका!

त्या नोटिशीला नोसी म्हणतात, नोटीस ऑफ सिक्युरिटी इंटरेस्ट. आमची वस्तू या घरात बसवलेली आहे असं कंपनीने घराच्या टायटलवर नोंदवून ठेवायचं. मूळ हेतू वाईट नव्हता, पण पुढे काही लोकांनी त्याचं हत्यार केलं, घर विकायच्या किंवा मॉर्गेज बदलायच्या वेळेपर्यंत थांबायचं आणि मग मान पकडायची. माणूस क्लोजिंगच्या तोंडावर असतो, तो देतोच. म्हाताऱ्या माणसांच्या घरावर तर एकाच्या डोक्यावर एक अशा चार-पाच नोटिसा बघितल्यात मी, आणि त्यांना एकीचाही पत्ता नाही.

६ जून २०२४ ला ओंटारिओने होमओनर प्रोटेक्शन अ‍ॅक्ट आणला. तेव्हापासून घरगुती वापराच्या अशा वस्तूंसाठी नोसी नोंदवता येत नाही, आणि आधी नोंदवलेल्या होत्या त्यांची मुदत संपली असं कायद्यानेच धरलं. रजिस्टरवर ती ओळ अजून दिसेल, कारण ती आपोआप पुसली जात नाही, पण तिच्यात दम उरलेला नाही. वकिलाला सांगून लँड रजिस्ट्रीत ती काढून टाकायचा अर्ज करा. पाच आठवडे पुरेत, पण उद्याच सांगा, क्लोजिंगच्या आदल्या दिवशी नको.

पण इथे एक गैरसमज होतो. नोंद मेली म्हणजे करार मेला असं नाही. भाडं थकलं असेल तर ते मागायला कंपनी मोकळी आहे, फक्त घराच्या गळ्यात दोरी बांधून मागता येणार नाही.

मग करार बघू. १ मार्च २०१८ पासून ओंटारिओत न बोलावता दारावर येऊन वॉटर हीटर, फर्नेस, एसी, वॉटर फिल्टर, सॉफ्टनर, डक्ट क्लीनिंग वगैरेंचे करार करायला बंदी आहे, आणि तसा केलेला करार कायद्याने रद्दबातल. तुमचा २०१९ चा, म्हणजे बंदीनंतरचा. त्यामुळे सगळा प्रश्न एकच: तो माणूस न बोलावता आला होता का? कंपनी हमखास म्हणणार "तुमच्या लोकांनीच फोन केला होता", कारण त्यांनी बोलावलं असेल तर बंदी लागू होत नाही. म्हणून सासूबाईंच्या शेजारी बसा, चहा घ्या आणि त्यांना आठवेल तसं सगळं लिहून काढा, कधी आला, काय म्हणाला, आयडी कार्ड गळ्यात होतं का, "सरकारी तपासणी" किंवा "गॅस कंपनीकडून आलोय" असं म्हणाला का. सासरे त्या दिवशी घरी होते का. तारखेसकट. मग ते आणि कराराची प्रत घेऊन कन्झ्युमर प्रोटेक्शन ओंटारिओकडे तक्रार करा आणि कंपनीला वकिलामार्फत कळवा की करार आम्ही मानत नाही. अकराचे किती होतात बघा मग.

खरेदीदाराला मात्र उपकरणांचा वाद आहे हे लपवू नका, नाहीतर पुढच्या वर्षी मला त्याचं पत्र येईल.

नवीन घर, बिल्डरकडून. क्लोजिंगच्या आठवड्यात टाकीच्या भाडेकरारावर सही मागितली, नाही केली तर किल्ली नाही म्हणाले. हे चालतं का?

बिल्डरचं मूळ अ‍ॅग्रीमेंट काढा, ते जाडजूड असतं आणि शेड्यूलमध्ये कुठेतरी "हीटर भाड्याचा असेल, खरेदीदार पुरवठादाराचा करार सही करेल" असं बहुधा असतंच. ते असेल तर वाद घालून फायदा नाही, सही करा आणि लगेच बायआउटचा आकडा मागवा. पहिल्या वर्षी तो मोठा वाटतो, तरी महिन्याचं भाडं गुणिले १२ गुणिले १२ वर्षं करून शेजारी लिहा, वर १३ टक्के एचएसटी, मग ठरवा. अ‍ॅग्रीमेंटमध्ये तसं काही नसेल तर मात्र तुमच्या वकिलाने सही करण्याआधी बिल्डरच्या वकिलाला विचारायला हवं.

विकत घेतलेल्या घरातली भाड्याची टाकी सोळा वर्षं जुनी आहे. परत करून स्वतःची घ्यायची तर कंपनी पन्नास अडचणी सांगते.

सोळा वर्षं! टाकीचं आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षं धरतात, म्हणजे तुमची बोनसवर चाललीय. अशा जुन्या टाकीचा बायआउट पुष्कळदा अगदी किरकोळ असतो, कधी शून्य, तो आधी विचारा. पण जुनी टाकी विकत घेऊन करायचं काय, फुटली की तुमच्याच बेसमेंटमध्ये फुटणार, त्यापेक्षा परत केलेली बरी.

परत करू न देण्याचा प्रकार जुनाच आहे. २०१२ मध्ये कॉम्पिटिशन ब्युरोने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, या धंद्यातल्या दोन मोठ्या कंपन्यांविरुद्ध नेमकं यावरूनच पाऊल उचललं, की टाकी परत करायची वाट मुद्दाम अवघड करून ठेवतात, गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून. एकीने २०१४ मध्ये ५० लाख डॉलर आणि दुसरीने २०१५ मध्ये १० लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं. नवीन टाकी बसवणारा प्लंबर किंवा कंपनी तुमच्या वतीने जुनी परत नेऊन देते का ते विचारा, बरेच जण देतात.

परत करताना दोन गोष्टी. काढण्याआधी टाकीवरच्या पाटीचा फोटो घ्या, सिरियल नंबर स्वच्छ वाचता येईल असा, आणि परत दिल्याची पावती घ्या ज्यावर तोच नंबर आहे. मी हे एवढं का सांगते? माझ्याच घरात आधीच्या मालकाने टाकी बदलून घेतली होती, जुनी कंपनीने नेली, पण कंपनीच्या कागदावर ती तशीच उभी. मी घर घेतलं, करार नावावर केला आणि पहिल्या महिन्यापासून दोन टाक्यांचं भाडं भरत होते, चौदा महिने, रोज दुसऱ्यांच्या फाइलीत हेच तपासणारी मी! शेवटी एका रविवारी बेसमेंटमध्ये टॉर्च घेऊन टाकीमागे वाकून नंबर वाचला तेव्हा बिलावरचा एक नंबर जुळला आणि दुसरा जुळेना. फोटो पाठवल्यावर तीन आठवड्यांनी पैसे परत आले, व्याज नाही, सॉरी पण नाही.